आरपार दिसतं म्हणून यूव्ही आरपार जातंच असं नाही : कोणतं पारदर्शक प्लास्टिक कुठल्या कामाला



आजचा लेख जरा लांब आहे, पण तो आपल्या पाण्याचा, सुक्या मासळीचा आणि डोळ्यांचा आहे. म्हणून वेळ काढून शेवटपर्यंत वाचा. बोट मालकांनी तर नक्कीच वाचा.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. संस्थेच्या पाण्याच्या टाकीवर आपण जंतू मारणारा यूव्ही दिवा बसवला, हे बहुतेकांना माहीत आहे. बावीचं पाणी स्टीलच्या उथळ ट्रेमधून वाहत जायचं आणि वर दिवा टांगलेला. पाणी उडून दिवा खराब होतो म्हणून आम्ही दिव्याखाली तीन मिलिमीटर जाडीची स्वच्छ ॲक्रिलिकची शीट लावून घेतली. काम एकदम नीटनेटकं दिसत होतं. शीट काचेसारखी पारदर्शक आणि तिच्यातून निळसर उजेड पाण्यावर पडताना दिसायचा. आम्ही खूश झालो, बिलावर सही केली आणि सगळ्या बोटी तेच पाणी भरून जाऊ लागल्या.

पुढच्या काही आठवड्यांत दोन बोटींवरचे खलाशी पोट बिघडून आजारी पडले. एक बोट तर फेरी अर्धवट टाकून परत आली. डिझेल, बर्फ, मजुरी सगळं वाया गेलं. पाणी तपासायला पाठवलं तर कोलिफॉर्म जंतू निघाले. दिवा चालू, बिल भरलेलं, पण जंतू जसेच्या तसे.

कारण ती शीट. दिव्याचा निळा उजेड आरपार जात होता, पण जंतू मारणारा जो भाग, तो शीटमध्येच अडकत होता. दोष शीट बसवणाऱ्या कारागिराचा नाही. त्याला आम्ही 'पारदर्शक पायजे' एवढंच सांगितलं होतं. त्याने पारदर्शकच दिली.

शीट काढली, टाकीत क्लोरीन सुरू केलं आणि मग हा विषय मुळापासून समजून घेतला. जे समजलं ते इथे मांडतो, म्हणजे तुमचे पैसे आणि तुमची पोटं दोन्ही वाचतील.

*१. यूव्ही म्हणजे एकच गोष्ट नाही*

आपल्या डोळ्याला जो उजेड दिसतो तो साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लहरींचा. नॅनोमीटर हे फार बारीक माप आहे, एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग. ४०० च्या खालचा प्रकाश आपल्याला दिसत नाही. त्याला अतिनील किंवा यूव्ही म्हणतात. त्याचे तीन भाग पाडतात.

यूव्ही-ए : ३१५ ते ४०० नॅनोमीटर. उन्हातून जमिनीवर येणाऱ्या यूव्हीमधला बहुतेक भाग हाच.

यूव्ही-बी : २८० ते ३१५. उन्हात थोडाच असतो, पण कातडी भाजणं आणि डोळ्याचं नुकसान यात त्याचा मोठा हात.

यूव्ही-सी : २८० च्या खाली. जंतूंना सगळ्यात घातक. सूर्यातून निघतो पण वरच्या हवेतच अडतो, आपल्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तो दिव्यातून तयार करावा लागतो. पाणी शुद्ध करायचा नेहमीचा पाऱ्याचा दिवा २५४ नॅनोमीटरचा यूव्ही-सी देतो.

आता आमची चूक कशी झाली ते बघा. या दिव्यातून यूव्ही-सी बरोबर थोडा निळा दिसणारा उजेडही निघतो. आम्ही शीटच्या खालून बघितला तो हा निळा उजेड. त्याने जंतू मरत नाहीत. खरं काम करणारा भाग डोळ्याला दिसतच नाही, मग तो अडला की गेला हे बघून कळणार कसं?

म्हणून पहिला धडा हा की डोळ्याला पारदर्शक आणि यूव्हीला पारदर्शक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि 'यूव्ही जातो का?' हा प्रश्नसुद्धा अर्धाच आहे. कुठला यूव्ही, ए, बी की सी, हे विचारायला हवं.

*२. बाजारात मिळणारी प्लास्टिकं आणि काच*

साधी खिडकीची काच : यूव्ही-ए बराचसा सोडते, यूव्ही-बी बहुतेक अडवते, यूव्ही-सी अजिबात सोडत नाही. काच यूव्ही अडवते असं आपण ऐकतो ते अर्धं खरं आहे.

पॉलिकार्बोनेट : छपराला, बोटीच्या केबिनला वापरतात ती न फुटणारी शीट. बाजारातली शीट साधारण ३८० च्या खालचं जवळजवळ सगळं अडवते. म्हणजे ए, बी, सी तिन्ही बंद. दिसायला मात्र स्वच्छ काचेसारखी.

साधं ॲक्रिलिक : दुकानांच्या पाट्या, शोकेस याचं प्लास्टिक. मुळात ॲक्रिलिकमधून यूव्ही बऱ्यापैकी जातो. पण बाजारातल्या नेहमीच्या शीटमध्ये यूव्ही शोषणारं रसायन घातलेलं असतं, कारण गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. त्यामुळे ती यूव्ही-ए चाही मोठा भाग अडवते, आणि २५४ तर अजिबात सोडत नाही.

यूव्हीटी ॲक्रिलिक : हेच प्लास्टिक, पण ते शोषणारं रसायन न घालता मुद्दाम बनवलेलं. यूव्ही-ए चांगला सोडतं आणि यूव्ही-बी चाही बराच भाग सोडतं. परदेशात कातडी सावळी करायचे जे दिव्यांचे पलंग असतात, त्यांवर हीच शीट असते. यूव्ही सोडणारी स्वच्छ, कडक शीट पाहिजे असेल तर नाव हेच सांगायचं. पण लक्षात ठेवा, जंतू मारणाऱ्या २५४ च्या दिव्यासाठी हीसुद्धा चालत नाही.

पेट : पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचं प्लास्टिक. तळाला त्रिकोणात १ आकडा असतो. साधारण ३२० च्या वरचा यूव्ही-ए सोडतं, त्याखालचं अडवतं. आपल्यासाठी हे फार कामाचं आहे, पुढे सांगतो.

पॉलिथीन : ताडपत्रीसारखा पारदर्शक पातळ कागद. काही मिसळलेलं नसेल तर यूव्ही बऱ्यापैकी सोडतं, पण स्वतः उन्हात लवकर कुजतं आणि तुकडे पडतात.

पीव्हीसी : मऊ पारदर्शक पडदे, नळ्या. यात अनेक रसायनं मिसळलेली असतात, उन्हात पिवळं पडतं. यूव्ही सोडायच्या कामाला घेऊ नका.

एफईपी : टेफ्लॉनच्या घरातलं प्लास्टिक. खऱ्या अर्थाने यूव्ही-सी सोडणारं प्लास्टिक म्हणाल तर हे. काही यूव्ही दिव्यांवर याचंच पातळ आवरण चढवतात, म्हणजे दिवा फुटला तरी काच पाण्यात सांडत नाही. महाग असतं आणि साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. याचाच नातेवाईक ईटीएफई. इंग्लंडात कॉर्नवॉलला ईडन प्रोजेक्ट नावाची प्रचंड मोठी झाडांची घुमटघरं आहेत, २००१ मध्ये उघडली. त्यांना काच नाही, ईटीएफईच्या हवा भरलेल्या गाद्या आहेत. हलकं, आणि उन्हातला यूव्ही झाडांपर्यंत जाऊ देतं.

क्वार्ट्झ : हे प्लास्टिक नाही, खास शुद्ध काच आहे. यूव्ही-सी उत्तम सोडते. पाण्याच्या दिव्याभोवती जी नळी असते ती याचीच.

*३. दुकानात किंवा घरी तपासायचं कसं*

दुकानदार काहीही सांगो, एक सोपी चाचणी आहे. आपल्या नोटांवरचे नंबर चमकणाऱ्या शाईने छापलेले असतात आणि कागदात बारीक तंतू असतात. यूव्ही प्रकाशात दोन्ही चमकतात. नोटा तपासायचं छोटं यंत्र बऱ्याच दुकानांत, पेट्रोल पंपावर असतं.

पद्धत अशी : यंत्राच्या दिव्याखाली पाचशेची नोट ठेवा. नंबर चमकतो ते बघा. आता तपासायच्या प्लास्टिकचा तुकडा नोटेवर ठेवा. चमक तशीच राहिली तर यूव्ही-ए आरपार जातोय. चमक गेली किंवा अगदी मंद झाली तर अडतोय.

आम्ही कार्यालयात करून बघितलं. पेट बाटलीचा कापलेला तुकडा ठेवला तर नंबर चमकत राहिला. पॉलिकार्बोनेटचा तुकडा ठेवला तर नंबर विझल्यासारखा झाला. दोन्ही तुकडे हातात घेतले तर डोळ्याला एकसारखेच स्वच्छ. ज्यांना विश्वास बसत नाही त्यांनी कार्यालयात येऊन बघावं, दोन मिनिटांचं काम आहे.

दोन गोष्टी सांभाळा. एक, स्वस्त जांभळी टॉर्च वापरली तर ती बहुतेक ३९५ नॅनोमीटरची असते, म्हणजे दिसणाऱ्या उजेडाच्या अगदी काठावरची. तिने फसायला होतं, कारण अडवणाऱ्या प्लास्टिकमधूनही ती थोडी जाते. ३६५ ची टॉर्च किंवा नोटांचं यंत्र चांगलं. दोन, ही चाचणी फक्त यूव्ही-ए ची. नोट चमकली म्हणजे जंतू मारणाऱ्या दिव्याला ते प्लास्टिक चालेल असं समजू नका. पेटच्या तुकड्यात नोट चमकते, पण २५४ त्यातून जात नाही.

आणि जंतू मारायच्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही बघू नका. वेल्डिंग बघून रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ना, तसंच होतं.

आता कामाप्रमाणे बघू.

*४. काम पहिलं : जंतू मारणारा दिवा*

दिवा आणि पाणी यांच्यामध्ये कुठलंही साधं प्लास्टिक नको आणि साधी काचही नको. मध्ये असेल तर क्वार्ट्झची नळी, नाहीतर एफईपी. तुमच्या घरी, हॉटेलात, बर्फाच्या कारखान्यात असा दिवा असेल तर आज उघडून बघा. नळी फुटली म्हणून कोणी दुसरी साधी काचेची नळी बसवली असेल तर दिवा पेटेल, उजेड दिसेल आणि पाणी मात्र तसंच राहील.

नळीवर पांढरा क्षार चढतो, तोही यूव्ही अडवतो. म्हणून वेळोवेळी साफ करावी लागते. दिव्याचं आयुष्य साधारण ९,००० तास, म्हणजे सतत चालू ठेवला तर एक वर्ष. त्यानंतर तो निळा पेटतो पण जोर कमी झालेला असतो. इथेही डोळा फसतो. दिवा बसवलेली तारीख रंगाने टाकीवर लिहून ठेवा. पाणी गढूळ असेल तर आधी गाळा, नाहीतर जंतू मातीच्या कणांआड लपतात.

दिवा पाण्यात काही मागे ठेवत नाही. शुद्ध झालेलं पाणी घाणेरड्या पिंपात भरलं की परत जंतू होतात. म्हणून आपण टाकीत क्लोरीनही चालू ठेवलंय. थोडा वास आला तर तक्रार करू नका.

याच कामात ॲक्रिलिकचा योग्य उपयोगही आहे. दिवा चालू आहे का हे बघायला झाकणात छोटी खिडकी ठेवायची असेल तर ती ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची ठेवा. निळा उजेड दिसतो आणि घातक यूव्ही-सी बाहेर येत नाही. आमची जुनी शीट कापून आम्ही नेमकी त्याच जागी लावली आहे. पैसे अगदीच बुडाले नाहीत.

*५. काम दुसरं : बोटीवर आणि घरी पिण्याचं पाणी, उन्हाने*

दिवा नाही, गॅस संपला, पाण्याची शंका आहे, पण ऊन भरपूर आहे. अशा वेळी साधी पेट बाटली उपयोगी पडते. या पद्धतीला सोडिस म्हणतात.

याचा शोध आपल्यासारख्याच गरजेतून लागला. लेबनॉनमध्ये बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात आफ्तिम आक्रा आणि त्यांचे सहकारी जुलाबाच्या मुलांसाठी लागणारी जलसंजीवनी शुद्ध कशी ठेवायची हे शोधत होते. ऊन दाखवलं तर जंतू मरतात हे त्यांनी दाखवलं आणि १९८० मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे १९९१ पासून स्वित्झर्लंडच्या एआवाग या पाण्याच्या संशोधन संस्थेने त्यावर काम करून पद्धत पक्की केली. आज अनेक देशांत लोक ती वापरतात.

कृती :

- रंग नसलेली, स्वच्छ पेट बाटली घ्या, दोन लिटरपेक्षा मोठी नको. लेबल पूर्ण काढा. हिरवी, तपकिरी बाटली चालत नाही.
- बाटली आणि झाकण धुऊन घ्या. पाणी गढूळ असेल तर आधी निवळा, कपड्याने गाळा.
- पाणी पुरेसं स्वच्छ आहे का ते बघायला भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मोठ्या मथळ्यावर उभी ठेवा आणि वरून तोंडातून बघा. मथळा वाचता आला तर चालेल.
- बाटली आडवी ठेवा, उभी नको. पत्र्यावर ठेवली तर उत्तम, पत्रा तापतो आणि ऊन परत फेकतो.
- चांगलं ऊन असेल तर सहा तास. अर्ध्याहून जास्त आभाळ असेल तर सलग दोन दिवस.
- पाणी त्याच बाटलीतून प्या. दुसऱ्या भांड्यात ओतून हात घालू नका.

यात यूव्ही-ए जंतूंना आतून मोडतो आणि उष्णता त्याला मदत करते. पाणी ५० अंशांच्या वर गेलं तर काम आणखी लवकर होतं.

इथे प्लास्टिक निवडायची चूक सगळ्यात जास्त होते. बोटीवर जो वीस लिटरचा निळसर जार असतो, तो पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचा असतो. तो दिवसभर टपावर उन्हात ठेवला तरी सोडिस होत नाही. पाणी गरम होतं, यूव्ही आत जात नाही. जार पेटचा असला तरी एवढ्या जाड पाण्यातून ऊन खोलवर जात नाही. दोन तांडेलांनी आम्हाला सांगितलं की 'आमचं पाणी उन्हात असतं, आम्हाला भीती नाही.' बाबांनो, तो जार उन्हात असतो, पाण्याला यूव्ही लागत नाही.

बाटलीवर फार ओरखडे पडले, ती पांढुरकी झाली की बदला, कारण मग यूव्ही कमी जातो. प्लास्टिकची रसायनं पाण्यात उतरतात का, हे महिला मंडळाच्या बैठकीत विचारलं होतं. सोडिसच्या पेट बाटल्यांवर स्वित्झर्लंडमध्ये तपासण्या झाल्या, तेव्हा असे अंश पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या खूप खाली निघाले. पीव्हीसीच्या बाटलीबद्दल मात्र असं म्हणता येत नाही, म्हणून तळाचा आकडा बघा. १ असेल तरच घ्या.

सोडिसने काय होत नाही तेही सांगतो. पाण्यातला खारटपणा जात नाही, डिझेल किंवा औषधाचा अंश जात नाही. आणि पावसाळ्यात सतत पाऊस असेल तेव्हा ही पद्धत बंद. तेव्हा पाणी उकळायचं.

*६. काम तिसरं : सुकी मासळी*

आता उलट बाजू. इथे यूव्ही नको आहे.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पुरुमेंताची घाई असते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा घरात आणि बाजारात सुकी मासळीच चालते. बांगडे, तारले यांच्यात तेल जास्त. या तेलावर उघडं ऊन सतत पडलं की ते बिघडतं, मासळी पिवळी पडते आणि खवट लागते. यात उष्णता आणि हवा असतेच, पण उजेड आणि खास करून यूव्ही हे काम जोरात करतात. गालमो आणि सुंगटं यांचा रंगही उडतो.

सोलर ड्रायर किंवा सुकवणीचा तंबू करताना सभासद विचारतात, 'यूव्ही अडवला तर ऊन कमी लागून मासळी सुकायला वेळ लागेल ना?' नाही. उन्हाच्या एकूण शक्तीत यूव्हीचा वाटा अगदी थोडा, शंभरात चार-पाच भागांइतका. बाकी सगळी ऊब दिसणाऱ्या उजेडातून आणि त्याच्या पलीकडच्या उष्णतेच्या किरणांतून येते. म्हणून यूव्ही अडवणारी पॉलिकार्बोनेट शीट लावली तरी आतली हवा तापते, मासळी सुकते आणि तेल कमी बिघडतं. वर धूळ, माशी, कुत्रं-मांजर आणि अवेळी पाऊस यांपासून बचाव. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने मासळीसाठी सोलर ड्रायर तयार केले आहेत. ज्यांना मोठं करायचंय त्यांनी आधी ते बघून घ्यावेत.

हवा बाहेर जायला वर जागा ठेवा. आत ५० अंशांच्या फार वर जाऊ देऊ नका, नाहीतर मासळी सुकण्याऐवजी शिजते आणि कुरकुरीत तुकडे पडतात.

पैसे कमी असतील तर पॉलिहाउसचा जाड प्लास्टिक कागद, बहुतेक २०० मायक्रॉनचा मिळतो, तोही चालतो. पण इथे एका शब्दाने लोक फसतात. कागदावर 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड' लिहिलेलं असतं. याचा अर्थ तो कागद स्वतः उन्हात लवकर फाटत नाही, एवढाच. यूव्ही आत सोडतो की अडवतो, हे त्यावरून कळत नाही. कारण टिकाऊपणा दोन प्रकारे आणतात. एका प्रकारात यूव्ही शोषून घेणारं रसायन असतं, तेव्हा आतही यूव्ही कमी जातो. दुसऱ्या प्रकारात यूव्ही आत जातो, पण प्लास्टिक कुजू न देणारं रसायन घातलेलं असतं. दोन्हींवर छापलेले शब्द तेच. म्हणून दुकानदाराला विचारा, 'यूव्ही ब्लॉक करणारा आहे का?' आणि नोट ठेवून तपासा.

साधा, काही न घातलेला पॉलिथीन कागद घेऊ नका. एका मोसमात त्याचे तुकडे होतात, ते मासळीत जातात आणि वाऱ्याने दर्यात जातात. दर्यातलं प्लास्टिक परत आपल्याच जाळ्यात येतं.

*७. काम चौथं : केबिनची काच आणि आपले डोळे*

तांडेल दिवसभर चकाकणाऱ्या पाण्याकडे बघतो. वरून ऊन, खालून पाण्यावरून परत आलेलं ऊन. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांस वाढलेले किती जण आपल्यातच आहेत, ते जेटीवर उभं राहून मोजा. मोतीबिंदूही लवकर येतो. अमेरिकेत मेरीलँडच्या चेसापीक खाडीत काम करणाऱ्या ८३८ दर्यावर्दी लोकांचे डोळे तपासून एक मोठा अभ्यास झाला, १९८८ मध्ये छापला गेला. ज्यांच्या डोळ्यांवर आयुष्यभरात जास्त यूव्ही-बी पडला, त्यांच्यात एका प्रकारच्या मोतीबिंदूचं प्रमाण जास्त निघालं. ते लोकही आपल्यासारखेच, पाण्यावर पोट असणारे.

म्हणून केबिनला पॉलिकार्बोनेट चांगलं. यूव्ही अडवतं आणि लाट किंवा दोर बसला तरी फुटत नाही. तीन गोष्टी पाळा.

एक, बऱ्याच शीटला एकाच बाजूला यूव्हीपासून वाचवणारा थर असतो. वरच्या कागदावर कुठली बाजू बाहेर ठेवायची ते छापलेलं असतं. कागद काढण्याआधीच पेनने खूण करा. उलटी लावली की शीट लवकर पिवळी पडते आणि ठिसूळ होते.

दोन, थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांनी पुसू नका. बारीक चिरा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं एवढंच.

तीन, मिठाचे खडे वाळल्यावर कोरड्या फडक्याने घासू नका, आधी गोड्या पाण्याने धुवा.

गॉगल घेताना नुसता काळा रंग बघू नका. काळ्या काचेमागे बुबुळ मोठं होतं, आणि काच यूव्ही अडवत नसेल तर डोळ्यात उलट जास्त यूव्ही जाऊ शकतो. 'यूव्ही ४००' लिहिलेला घ्या आणि नोटेवर धरून तपासा. पॉलिकार्बोनेटच्या साध्या पांढऱ्या भिंगाचा चष्माही यूव्ही अडवतो, काळा असायलाच हवा असं नाही. सोबत रुंद कडेची टोपी घाला.

*८. खरेदीला जाताना*

पहिला प्रश्न स्वतःला विचारा : मला यूव्ही आत हवा आहे की बाहेर ठेवायचा आहे? हवा असेल तर कुठला?

- जंतू मारणारा दिवा : क्वार्ट्झ किंवा एफईपी. दुसरं काही नाही.
- उन्हाने पाणी शुद्ध करायचं : रंग नसलेली पेट बाटली, दोन लिटरपर्यंत.
- उन्हातला यूव्ही आत सोडणारी कडक, स्वच्छ शीट : यूव्हीटी ॲक्रिलिक. नुसतं ॲक्रिलिक म्हणू नका. कुठल्या लहरीला किती टक्के जातं याचा तक्ता कंपनीकडून मागा.
- मासळी सुकवणं : यूव्ही अडवणारं पॉलिकार्बोनेट किंवा तसा कागद.
- केबिन आणि चष्मा : पॉलिकार्बोनेट.

दुकानदाराला 'पारदर्शक द्या' एवढंच सांगितलं तर तो पारदर्शकच देणार. आम्ही तेच केलं आणि एका बोटीची फेरी बुडाली. काम काय आहे ते सांगा, तुकडा मागून घ्या, नोटेवर ठेवून बघा आणि मगच पैसे द्या.

संस्थेच्या टाकीला आता क्वार्ट्झच्या नळीचा दिवा आहे. बदलल्यावर पाणी परत तपासलं, अहवाल चांगला आला आहे आणि तो कार्यालयाच्या फळ्यावर लावला आहे. दर वेळी नवीन अहवाल तिथेच लागेल. येता-जाता बघत जा, आणि लागलेला दिसला नाही तर आम्हाला विचारा. तो तुमचा हक्क आहे.

हा लेख आपल्या बोटीवरच्या खलाश्यांना वाचून दाखवा. त्यातले बरेच जण दुसऱ्या राज्यांतून आलेले आहेत, त्यांना मराठी वाचता येत नसेल, पण पाणी तेही तेच पितात. सोडिसची कृती त्यांना प्रत्यक्ष करून दाखवा.

दर्या सगळ्यांना सांभाळो.

सचिव व संचालक मंडळ